घर पाडणे आणि घर उतरवणे

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला असलेले आमचे जुने घर वडील आणि चुलते यांच्या वाटणीत मधोमध विभागले गेले होते. दिवाळीनंतर दोन्ही भाग काढायचे ठरले, तेव्हा चुलत भावाने जेसीबी सांगितला आणि मी हाताने घर उतरवून घ्यायचे ठरवले. आढे, म्हणजे छपराच्या शिखरावरचे आडवे लाकूड, दोन्ही भागांवर सलग असल्यामुळे आमचा भाग आधी मोकळा करणे भाग होते. चार माणसांना त्यासाठी अकरा दिवस लागले. त्यानंतर आलेल्या जेसीबीने भावाचा भाग सकाळी नऊ ते दुपारच्या जेवणापर्यंत आडवा केला आणि माती, कौलांचे तुकडे व चिरफाळलेली लाकडे यांचा एकच ढीग मागे ठेवला. त्या ढिगातून त्याला दोन चौकटी आणि जळण मिळाले. त्याला घाई होती आणि मला नव्हती, एवढाच मुळात फरक होता, हे आधीच सांगितलेले बरे.

हे काम सुगी झाल्यावर आणि वळिवाच्या आधी करायचे असते, कारण आमच्या भागात जून उजाडला की उघड्या मातीच्या भिंतीला कोणीही वाचवू शकत नाही. आमचे सुतारमामा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्या वडिलांनी याच घराची माडी दुरुस्त केली होती. पहिल्या दिवशी मी उत्साहाने पहार घेऊन माडीची फळी उचकटायला लागलो, तेव्हा ते खालूनच ओरडले, “काय करूलैस रे? आधी कौलं, मग रिपा, मग वासे. घर बांधलंय त्याच्या उलटं उतरायचं.” वासे म्हणजे छपराची तिरपी लाकडे आणि रिपा म्हणजे त्यांवर ठोकलेल्या, कौले पेलणाऱ्या पट्ट्या. पुढच्या अकरा दिवसांचे सारे शास्त्र मामांच्या त्या एका वाक्यात होते.

कौले उतरवतानाही एक शिस्त असते. एका बाजूचे छप्पर पूर्ण मोकळे करून मग दुसऱ्या बाजूला हात घातला, तर सारा भार एकीकडे राहून जुने वासे कलतात, म्हणून दोन्ही उतारांवरच्या ओळी सारख्याच काढत जावे लागते. आमच्याकडील दोन गडी कित्तूरकडचे कानडी बोलणारे होते. खांबाला ते ‘कंब’, तुळईला ‘तोली’ आणि कौलाला ‘हंचू’ म्हणत. हातोहात कौल खाली देताना ‘हगूर, हगूर’ आणि ‘सावकाश’ असे दोन्ही शब्द ऐकू येत. दुसरा शब्द नेमका कोणत्या भाषेचा, हे ठरवण्याच्या भानगडीत आमच्याकडे कोणी पडत नाही.

आमच्या भागावर सुमारे बाराशे मंगळुरी कौले होती. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर या धाटणीची कौले घाटावर सर्वत्र पोहोचली. कौल पालथे केले की मागे कारखान्याचा ठसा दिसतो. आमच्या छपरावर तीन वेगवेगळे ठसे निघाले, कारण दर दुरुस्तीला जे मिळेल ते कौल चढवले गेले होते. माझ्या दृष्टीने तो केवळ इतिहास होता, पण मामांनी लगेच ठशांप्रमाणे तीन थप्प्या लावायला सांगितल्या. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत, आणि सरमिसळ करून शाकारलेले छप्पर पहिल्या पावसातच गळते. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहायचे, खणखणीत आवाज आला तर ठेवायचे आणि बद्द वाजले तर बाजूला टाकायचे, कारण डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते. शेवाळ ब्रशने घासून काढल्यावर नऊशेच्या आसपास कौले शाबूत राहिली.

त्यांतील दीडशे पुढे माझ्याच चुकीने गेली. आढे उतरवल्यावर आढ्यापर्यंत चढलेली त्रिकोणी भिंत आधाराविना उभी राहते आणि ती त्याच दिवशी खाली घ्यायची असते. संध्याकाळ झाली होती आणि गड्यांना बस गाठायची होती, म्हणून मी “उद्या बघू” म्हणालो. रात्री वारा सुटला आणि ती भिंत आतल्या बाजूला, नेमकी कौलांच्या थप्पीवर, पडली. तिथे कोणी झोपले नव्हते, म्हणून नुकसान कौलांवरच निभावले.

लाकडाबद्दल मात्र मी अजूनही उत्साहाने बोलू शकतो. तुळया सागवानी होत्या, वासे मत्तीचे, म्हणजे देशावर ज्याला ऐन म्हणतात त्याचे, आणि माडीच्या फळ्या नंदीच्या, म्हणजे नाण्याच्या होत्या. मोठ्या सांध्यांत लोखंड जवळपास नव्हतेच. तुळईच्या टोकाला कूस, म्हणजे खाचेत शिरणारी जीभ, काढून ती खांबाच्या खाचेत बसवलेली आणि आडवी लाकडी खुंटी ठोकून पक्की केलेली होती. खुंटी मागच्या बाजूने ठोकून काढली की एवढा मोठा सांधा हलक्या हाताने सुटत असे. दुसऱ्या खांबावरची तुळई उचलल्यावर कुशीवर पटाशीने मारलेल्या तीन तिरप्या रेघा दिसल्या आणि खांबाच्या खाचेजवळही तशाच तीन रेघा होत्या. मूळ सुताराने जमिनीवर सगळा सांगाडा जुळवून पाहिला असणार, खुणा केल्या असणार आणि मग तो उभा केला असणार. आम्ही तोपर्यंत ऑइल पेंटने आकडे टाकत होतो. नंतर मामांनी ब्रश खाली ठेवला आणि जुन्याच रेघा वहीत उतरवून घ्यायला सांगितले.

वाळवीने लाकडाचा बाहेरचा पांढरट भाग खाल्ला होता, परंतु सागाचा गाभा तसाच होता. खरे नुकसान भिंतीत पुरलेल्या टोकांचे होते, कारण तिथे ओल साचून राहते आणि वर्षानुवर्षे कोणाला दिसतही नाही. प्रत्येक तुळईचे एक-दोन टोक फूटभर कापावे लागले. रिपांमधील खिळे जंबुऱ्याने उपसण्यातच दोन माणसांचे दोन दिवस गेले, पण त्याला पर्याय नव्हता. एक खिळा आत राहिला तरी करवतीचे पाते जाते, म्हणून खिळ्यांचे लाकूड म्हटले की सॉ मिलवाला आधी कपाळाला आठ्या घालतो.

जोत्याचा, म्हणजे घराच्या चौथऱ्याचा, जांभा चुन्यात बांधलेला होता. चुना दगडापेक्षा मऊ असतो, त्यामुळे छिन्नीचा घाव बसला की सांधा सुटतो आणि चिरा अखंड हाती येतो. त्यात जांभा उघड्या हवेत कठीण होत जाणारा दगड असल्याने हे जुने चिरे नव्या चिऱ्यांपेक्षा मला अधिक भरवशाचे वाटतात. याच्या अगदी उलट अनुभव मागच्या न्हाणीघराने दिला. ते अलीकडे सिमेंटमध्ये बांधलेले होते आणि तिथे सांध्याऐवजी वीटच फुटत होती. घरातील सर्वांत नवे बांधकाम हेच सर्वांत निरुपयोगी ठरले. त्यावरचे सिमेंटचे जुने पत्रे मात्र भिजवून, न फोडता, अखंडच उतरवले, कारण तशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ छातीला घातक असते. भिंतींची माती भावकीतल्या लोकांनी दोन दिवसांत शेतात नेली. जुन्या घराच्या पांढऱ्या मातीची किंमत शेतकऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही.

यात पैसे वाचतात का, असे अनेकांनी विचारले. मजुरी, वाहतूक आणि सॉ मिलचा खर्च धरला, तर कौलांत आणि चिऱ्यांत फारसे काही सुटत नाही, सागात मात्र भरपूर सुटते, कारण इतकी वर्षे वाळलेला आणि न वाकणारा साग आज वखारीत सहज मिळत नाही. चोर्ला घाटाने गोव्याकडे जुना माल नेणारा एक व्यापारी फक्त नक्षीच्या चौकटीसाठी चांगली रक्कम देत होता आणि बाकीचे “जळणाला होईल” म्हणाला. त्याच क्षणी माझे मन त्या व्यवहारातून उठले. चौकट गणेशपट्टीसह, म्हणजे वरच्या गणपती कोरलेल्या पट्टीसह, नव्या घराला लावली आहे, जरी दार बुटके असल्यामुळे पाहुण्यांची कपाळे अधूनमधून तिला लागतात.

नव्या घराचा आराखडा काढणाऱ्या इंजिनियरने स्वयंपाकघर बारा फुटी धरले होते. मामांनी टोके कापलेल्या तुळयांवर टेप धरला, भिंतीत जाणारा भाग वजा केला आणि साडेनऊ असे सांगितले. स्वयंपाकघर साडेनऊ फुटी झाले आहे.