तुम्ही विचारलंत म्हणून: दर रविवारी आमच्याकडे एवढं हसायला काय होतं?

"वहिनी, रविवारी रात्री तुमच्याकडे एवढं हसायला काय होतं हो?" हा प्रश्न शेजारच्या काकूंनी विचारून झाला, दूधवाल्याने विचारून झाला. आम्ही जुन्या पेपरातला एखादा मथळा घेतो आणि पुढे काय झालं असेल ते रचतो, एवढं सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, "पण जुन्याच बातम्या कशाला?" म्हणून आज सविस्तर सांगते.

सुरुवात फडताळातून झाली. आमचं घर ठाण्यातल्या चरईतलं, जुनं. दिवाळीच्या आधी डबे खाली उतरवले की फळीवर अंथरलेला पेपर निघतो, तेल पिऊन आरपार दिसणारा, कडेला हात लावला की तुकडा पडणारा. न वाचता तो गोळा करून टाकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्या वर्षी तूरडाळीच्या डब्याखाली मथळा निघाला, 'ठाण्यात उद्या पाणी नाही'. तारखेचा कोपरा झुरळांनी खाल्लेला. माझे सासरे, अण्णा, स्टुलावर बसून डबे पुसत होते. "तारीख नाही, म्हणजे हा उद्या कायमचाच," म्हणाले आणि रंगात आले. चाळीत बातमी फुटली. पिंपं भरली, हंडे, कळश्या, तपेली, शेवटी लग्नातलं घंगाळ भरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं, तेही धो धो, आणि घेणार कशात? मग कालचं ओतायला सगळे एकदमच मोरीकडे धावले. तिसऱ्या दिवशीचा मथळा अण्णांनीच दिला, 'चाळीत पूर. पाणी नसल्याची बातमी कारणीभूत'. हसून हसून माझ्या हातातला डबा निसटला. आवराआवर त्या दिवशी तिथेच थांबली.

पुढे भाची मुक्ता शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आली आणि खेळाला नियम आले. मथळ्यातला शब्द बदलायचा नाही. जे रचायचं ते त्या काळात घडण्यासारखं हवं. आणि मरणाच्या, अपघाताच्या बातमीला हात लावायचा नाही. दुसऱ्या नियमामुळे मला अभ्यास करावा लागतो, आणि तो मी आनंदाने करते. अडलं की मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसते. १८९३ पासून ठाण्यात ही सोय आहे, ती वापरायची नाही तर काय! बोरीबंदरहून पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यात आली, त्यावर खेळताना मुक्ता म्हणाली, "चारशे पाहुणे आले, सगळ्यांना चहा टाकला." मी म्हटलं, तेव्हा घरोघरी चहा कुठला? झालं, पुढचा अर्धा तास चारशे माणसांना पन्हं पुरवण्यात गेला. एप्रिलच होता ना, कैऱ्या होत्याच.

पण सगळ्यांत जास्त दिवस पुरली ती स्कायलॅब. अमेरिकेचं हे अंतराळस्थानक जुलै १९७९ मध्ये खाली कोसळणार होतं, आणि नेमकं कुठे पडेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आपल्याकडे केवढी धास्ती होती! अण्णांच्या आईने गॅलरीत झोपणाऱ्या सगळ्यांच्या वळकट्या आत ओढल्या होत्या, वरून येणारं कौलांनी थांबेल या भरवशावर. अण्णा हे सांगतात तेव्हा मला ती माउली दिसते, दोन्ही हातांनी गादी ओढत आभाळाकडे बघणारी. तिला पुढचं ठाऊक नव्हतं. जुन्याच बातम्या कशाला, याचं माझं उत्तर हेच आहे. आपल्याला शेवट माहीत असतो, त्यांना नव्हता. पुढचं रचायला बसलं की घटकाभर आपणही त्यांच्याच गॅलरीत उभे राहतो.

तर आमच्या खेळात स्कायलॅबचा तुकडा तलावपाळीला, भर मासुंदा तलावात पडला. मुक्ताने महापालिकेला कामाला लावलं. अण्णांनी तिथेच अडवलं, "महापालिका १९८२ ची. तेव्हा नगरपालिका." मग नगरपालिकेने अमेरिकेला नोटीस धाडली, सार्वजनिक तलावात विनापरवाना वस्तू टाकल्याबद्दल दंड रुपये पंचवीस. नोटीस 'पत्ता अपुरा' म्हणून परत आली. तोवर तुकड्याभोवती भेळेच्या गाड्या लागल्या आणि शाळांच्या सहली सुरू झाल्या.

आठवड्याभराने मला खरी हकीगत वाचायला मिळाली. स्कायलॅबचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या परिसरात पडले, आणि तिथल्या स्थानिक परिषदेने कचरा टाकल्याबद्दल 'नासा'ला खरोखर ४०० डॉलर दंड लावला! तो २००९ मध्ये भरला गेला, तोही अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून पैसे जमवून. अण्णांनी चष्मा काढून पुसला. "आपण फारच कमी लावला," म्हणाले.

काकू, मागच्या रविवारी आमच्याकडे सामसूम का होती, हेही तुम्ही विचारलंत. त्या दिवशी मुक्ताने टायटॅनिक आणली. न्यूयॉर्कच्या 'इव्हनिंग सन'ने १५ एप्रिल १९१२ ला मथळा दिला होता की धडकेनंतर जहाजावरचे सगळे वाचले. जहाज त्याच दिवशी पहाटे बुडालं होतं, दीड हजारांवर माणसं गेली होती. मी नियमाची आठवण करून दिली. ती म्हणाली, "पण मामी, या मथळ्यात कुणीच मेलेलं नाही." आणि तिने सांगायला घेतलं. न्यूयॉर्कमधल्या एका बाईने तो पेपर वाचला. घडी घालून टेबलावर ठेवला. मुलांना सांगितलं, बाबा येतायत. नवऱ्याचा बिछाना घातला, त्याचे घरातले जोडे पुसून दाराशी ठेवले, आणि कित्येक तासांनी पहिल्यांदा पोटभर जेवली.

"मग?" अण्णांनी विचारलं.

"मग दुसऱ्या दिवशीचा पेपर आला, आबा."

त्या रात्री आम्ही दुसरा मथळा घेतला नाही.