पात्याचं पाणी

रंध्याचं पातं बोथट झालंय हे आधी कानाला कळतं. धार असली की रंधा सुस्कारा सोडल्यासारखा लाकडावरून जातो. धार गेली की खरडतो, अडखळतो, आणि मी लाकडावर आळ घेतो. गाठच असेल, रेषाच उलट्या असतील. निदान पंधरा मिनिटं मी या समजुतीत घाम गाळतो. मग निमूट पातं काढून उजेडात धरतो. काठावर पांढरी बारीक रेघ चमकते. धार म्हणजे खरं तर न दिसणारी गोष्ट. दोन बाजू जिथे मिळतात तिथे उजेड परतवायलाही जागा उरता कामा नये. रेघ दिसली, म्हणजे धार गेली.

पहिल्या पात्याच्या काठाला खाच पडली होती आणि मला धीर नव्हता. ग्राइंडरला लावलं. ठिणग्या मस्त उडत होत्या. बघता बघता काठावर आधी गवती पिवळा, मग जांभळा आणि शेवटी मोरपिशी निळा रंग चढला. मी बावळटासारखा खूशही झालो. तो निळा म्हणजे पोलाद 300 अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्याची खूण. साध्या कार्बन पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, तेवढ्यात उतरतं. पोलादालाही पाणी असतं आणि तेही उतरतं, हे आपल्या भाषेला केव्हापासून ठाऊक आहे. मला कळायला एक पातं खर्ची पडलं. त्याला धार लागायची, पण दहा-बारा हात मारले की संपायची. निळा भाग दगडावर हातानं घासून काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. आता ग्राइंडरशेजारी पाण्याचं भांडं असतं आणि बोटाला ऊब जाणवली की पातं पाण्यात.

बरेच जण नुसता उतार, म्हणजे काठाची तिरपी बाजू, घासत बसतात. मीही बसायचो. पण पात्याची सपाट पाठ काठाजवळ आरशासारखी नसेल, तर ती सगळी मेहनत फुकट. इथे डेव्हिड चार्ल्सवर्थ या इंग्लिश कारागिराची युक्ती मला फार आवडते: दगडाच्या एका कडेला पातळ पोलादी पट्टी ठेवायची आणि पाठ तिच्यावर टेकवून घासायची. पातं जेमतेम उचललं जातं आणि दगड फक्त काठालाच लागतो. आळशी माणसाला साजेशी युक्ती, आणि अचूकही.

उतार 25 अंशांचा, अगदी टोकाशी 30. हजार नंबरच्या दगडावर तो इतका घासायचा की पाठीकडून बोट बाहेरच्या बाजूला सरकवलं तर काठावर तारेसारखी खरखर लागावी, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. ती सगळीकडे लागेपर्यंत पुढच्या दगडाकडे बघायचंही नाही. मग आठ हजार नंबरचा, जास्त बारीक दगड, आणि ती तार पाठीवरून अलगद उतरवायची.

एवढं करून मी पात्याचा काठ गुण्याला लावून पाहायचो. तसूभर फट दिसली तरी पुन्हा दगडावर. एकदा मनासारखा नेमका सरळ काठ साधला आणि फळीवर रंधा फिरवला. तिरप्या उजेडात पाहिलं, तर प्रत्येक पट्ट्याच्या कडेला बारीक ओरखडा. सरळ पात्याचे टोकदार कोपरे लाकडात रुतले होते! सफाईच्या रंध्याचं पातं किंचित गोलसर हवं; दोन्ही कोपऱ्यांवर बोट दाबून चार-चार हात जास्त मारले की झालं. तो गोलवा इतका कमी की तो आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. भराभर जाडी उतरवायच्या रंध्याला मात्र आठ-दहा इंच त्रिज्येची चांगली कमान देतात. गुण्या आता मी फळ्यांसाठी वापरतो.

धारेची खरी परीक्षा मऊ लाकडाच्या आडव्या छेदावर. तिथे भुगा न पडता अखंड सालपट निघालं आणि मागे लाकूड चकाकलं, तर जमलं. पण तेवढाही दम कुणाला? मी डाव्या हातावरचे केस उडवून पाहतो. परवा रक्तदाबाचा पट्टा बांधता बांधता डॉक्टर थांबले, हात उजेडात धरून म्हणाले, "ही चाई कधीपासून आहे?"

"चाई नाही," मी म्हटलं. "रंधा."