विसरणाऱ्या माणसांच्या कथा शोधताना

शेवटच्या पाच वर्षांत माझ्या आजीला आम्ही तिचे कोण लागतो हे हळूहळू आठवेनासे झाले. दिवेलागण झाली की ती पदर सावरून दाराशी जाऊन उभी राहायची आणि "आता मला माझ्या घरी पोचवा" असे म्हणायची. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच घरात राहत होती. शेजारचे लोक याला म्हातारचळ म्हणत, आणि पाहुणेमंडळी 'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून विषय बदलत. ती गेल्यानंतर मी स्मृतिभ्रंशावरच्या कादंबऱ्या आणि चित्रपट शोधू लागले. तिच्या डोक्यात नेमके काय चालले होते, हे मला तिच्या हयातीत कधीच कळले नव्हते, आणि ते कुणीतरी लिहिले असेल अशी आशा होती.

सुरुवातीला मी आजाराच्या नावाने शोधले आणि तिथेच चुकले. ग्रंथालयात 'स्मृतिभ्रंश' या शब्दाखाली आहार, औषधे आणि शुश्रूषा यांवरची पुस्तके मिळाली. ती उपयोगी होती, पण मला हवी होती ती नव्हेत. त्या नावाने सापडलेल्या चित्रपटांपैकी पुष्कळांत शेवटच्या प्रसंगात रुग्णाला आपले माणूस एकदाचे ओळखू येते आणि प्रेक्षकांचे डोळे भरतात. आमच्या घरात तसे काही घडले नाही, त्यामुळे अशा शेवटांवर माझा विश्वास बसत नाही. पुढे मी आजाराचे नाव सोडले आणि त्या आजाराने घरातले जे जे हलते, म्हणजे नाती, भाषा, स्वतःच्या घराची खूण, त्यांच्या मागे लागले. तेव्हा कुठे हवे ते हाती येऊ लागले.

त्यात सर्वांत आधी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'चे नाव घ्यायला हवे. मोहन आगाशे यांनी साकारलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे विद्वान आहेत. मोटारीत थोडा वेळ एकटे बसलेले असताना त्यांना रस्त्यावरून जाणारा हत्ती दिसतो आणि ते त्याच्या मागे चालू लागतात. इकडे मुलगी गावभर वडिलांना शोधत असते आणि तिकडे माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला लहान मुलासारखे सांभाळते. शास्त्री तिला आई म्हणू लागतात. ज्या माणसाचे सारे आयुष्य शब्दांवर उभे होते, त्याला जिची भाषा धड कळत नाही अशा बाईजवळ निवारा मिळतो, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पहिल्यांदा पाहताना माझे लक्ष शास्त्रींवर होते. दुसऱ्यांदा पाहताना मी फक्त चन्नम्माकडे पाहत राहिले.

आजीच्या 'घरी पोचवा' या हट्टाचा उलगडा मात्र एका परक्या चित्रपटाने केला. फ्लोरियन झेलर यांनी 2012 मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलेल्या नाटकावरून स्वतःच 2020 मध्ये 'द फादर' हा चित्रपट केला. त्यात लंडनच्या एका घरातला म्हातारा आपल्याला बाहेरून दिसत नाही. त्याच्या डोळ्यांनी घर पाहण्यावाचून प्रेक्षकाला गत्यंतर राहत नाही. खोल्यांची रचना तशीच राहते, पण सामान बदलते, भिंतींचे रंग बदलतात, आणि मुलगी म्हणून एका प्रसंगात चक्क दुसरीच अभिनेत्री समोर येते. हे घर आपले की मुलीचे, हेच आपल्याला ठरवता येत नाही. अँथनी हॉपकिन्स यांच्या ऑस्करची चर्चा खूप झाली, पण मला त्या घराचे नेपथ्य करणाऱ्यांचे काम तितकेच मोलाचे वाटते. आजीला आमचे घर असेच रोज थोडे थोडे बदललेले दिसत असेल, हे मला तो चित्रपट पाहताना प्रथमच जाणवले.

मल्याळममधला 'तन्मात्रा' आणि हिंदीतला 'मैंने गांधी को नहीं मारा' हे 2005 मधले दोन्ही चित्रपट मी आदराने पाहिले, तरी ते माझ्यापाशी फारसे टिकले नाहीत. ॲलिस मन्रो यांच्या एका कथेवरून सारा पॉली यांनी केलेला 'अवे फ्रॉम हर' मात्र मनातून जात नाही. त्यातली पत्नी शुश्रूषागृहात गेल्यावर तिथल्याच एका रुग्णावर जीव लावते, आणि एकेकाळी तिला फसवलेला नवरा ते मुकाट्याने पाहत राहतो.

आणि मग सावाको आरियोशी या जपानी लेखिकेची 1972 मधली कादंबरी सापडली. 'द ट्वायलाइट इयर्स' या नावाने तिचे इंग्रजी भाषांतर मिळते. मूळ जपानी नाव इतके गाजले की म्हातारपणच्या भ्रमिष्टपणाला तिकडे तोच शब्द रूढ झाला. आपल्याकडच्या 'म्हातारचळा'ची मला लगेच आठवण झाली. कथेची नायिका आकिको नोकरी करणारी सून आहे. सासूच्या मृत्यूनंतर सासरे बदलतात आणि त्यांची सगळी जबाबदारी तिच्यावर येते. नवरा हळहळतो, पण उठून काही करत नाही. लेखिकेने आंघोळ, अंथरूण, रात्रीची जाग यांचा तपशील कुठेही गाळलेला नाही.

आमच्या घरात आजीचे सगळे काकूनेच केले होते. गेल्या दिवाळीत मी ती कादंबरी घेऊन तिच्याकडे गेले आणि काही पाने मराठीत सांगत सांगत वाचून दाखवली. सासऱ्यांना पोटचा मुलगा ओळखू येत नाही, मुलगी ओळखू येत नाही, पण जिला त्यांनी आयुष्यभर टोचून बोलले ती सून मात्र ओळखू येते, या जागेवर तिने मला थांबवले आणि तेवढाच भाग पुन्हा वाचायला सांगितला. मी वाचला. काकू थोडा वेळ हातातल्या वाती वळत राहिली आणि मग म्हणाली, "आईंनाही शेवटी मीच ओळखू यायचे. तुझ्या काकांना वाईट वाटेल म्हणून मी कधी बोलले नाही."