कोल्हापूर–आंबोली–वेंगुर्ला, मागे कॅराव्हॅन जोडून: ओढणारी गाडी कशी निवडली

जानेवारीत आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, मुलगी आणि दाजी, कोल्हापूरहून वेंगुर्ल्याला जाऊन आलो. गाडीमागे बारा फुटी, दोन चाकांची कॅराव्हॅन होती आणि चार रात्री आम्ही तिच्यातच काढल्या. समुद्राचं आणि माशांचं वर्णन इथे करत नाही. असा ट्रेलर घेऊन ज्यांना घाट उतरायचा आहे त्यांच्यासाठी लिहितोय, कारण निघायच्या आधी तीन महिने मी ज्याला त्याला विचारत होतो आणि प्रत्येक जण इंजिनाबद्दलच बोलत होता. "दोन हजार सीसी आहे, आरामात ओढेल." ओढण्याचा प्रश्नच नव्हता. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टर ओढतो हे आपण कोल्हापूरकर रोज बघतो. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला ढकलायला लागली की काय होतं, हेही आपण बघितलेलं असतं.

पहिली चाचणी मामेभावाच्या छोट्या एसयूव्हीने केली. गाडी नवी आणि चपळ, रिकामं वजन साडेबाराशे किलो, पुढची चाकं ओढणारी. कागलकडे जाताना महामार्गावर वेग ६५ झाला, शेजारून एक मोठा ट्रक गेला आणि त्याच्या हवेच्या झोताबरोबर कॅराव्हॅन शेपटीसारखी डावी-उजवी हलायला लागली. तिसऱ्या हेलकाव्याला आमच्या गाडीची मागची बाजूही तिच्याबरोबर सरकली. भावाने घाबरून ब्रेक मारला नाही, नुसता पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, म्हणून वाचलो. तुमच्यावर ही वेळ आली तर हेच करा. वेग वाढवून ट्रेलर सरळ करायला जाऊ नका, जोरात ब्रेक दाबू नका आणि हेलकाव्याच्या उलट स्टिअरिंग फिरवत बसू नका.

कागलला मामांच्या दारात थांबलो. मामांनी आयुष्यभर बैलगाडी हाकली आहे. त्यांनी कॅराव्हॅनभोवती एक चक्कर मारली, पुढचा दांडा हाताने उचलून बघितला आणि म्हणाले, "आरं, गाडी उलाळ झालीया की. बैलाच्या मानंवर जरा वजन पडाय पायजे. पर लई धुरजडबी करू नगंस."

उलाळ म्हणजे मागे जड, धुरजड म्हणजे पुढे जड. आमची नेमकी उलाळ झाली होती. पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी चाकांच्या मागे, त्यामुळे पुढचा दांडा हलका. नियम असा, की भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण दहा टक्के वजन हुकवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या बॉलवर पडलं पाहिजे. मोजायला मोठं काही लागत नाही. ट्रेलर सपाट जागी उभा करा, जोडणीच्या उंचीचा लाकडी ठोकळा घरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि दांडा त्यावर टेकवा. आमचा आकडा आला ४१ किलो. हवे होते नव्वदच्या आसपास. टाकी रिकामी केली, गाद्या-भांडी चाकांच्या पुढे आणली, तेव्हा ८८ वर आला.

एकूण वजनही अंदाजावर सोडू नका. बांधून देणाऱ्याने ६५० किलो सांगितलं होतं. शिरोलीच्या वजनकाट्यावर रिकामी ७९० भरली आणि सामानासकट ९२०. काट्याची पावती जपून ठेवा, पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर होतात.

आता गाडीची निवड. ब्रिटनमध्ये नवख्या चालकांना सांगतात की भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नको. त्या हिशेबाने भावाची छोटी गाडीही चालली असती. पण सह्याद्रीच्या घाटासाठी मला तो हिशेब पटला नाही. मी साधारण निम्म्याची मर्यादा धरली आणि आजही त्यावर ठाम आहे.

दुसरा मुद्दा चाकांमधल्या अंतराचा, म्हणजे व्हीलबेसचा. गाडी आखूड असली की ट्रेलरचा हेलकावा तिला सहज फिरवतो. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, स्कॉर्पिओ-एनचा आणि इनोव्हा क्रिस्टाचा २७५०, तर इसुझू व्ही-क्रॉसचा ३०९५. थार डोंगरात कुठेही चढेल, पण मागे कॅराव्हॅन जोडायला मी ती घेणार नाही. व्ही-क्रॉस सगळ्यात स्थिर, पण शहरातल्या गल्लीत रोज वापरायला मोठी पडते. शेवटी दाजींची डिझेल, मॅन्युअल क्रिस्टा ठरली. लॅडर फ्रेमची चेसिस (शिडीसारखा वेगळा लोखंडी सांगाडा), मागची चाकं ओढणारी, रिकामी अठराशे किलोच्या घरात. हुकवरचं वजन मागच्या चाकांवर येतं, म्हणून चढावर ओढणारीही तीच असली तर पकड सुटत नाही. पुढची चाकं ओढणारी गाडी नेमक्या त्याच वेळी पुढून हलकी होते.

ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पुढे देणारी) बघा आणि तिच्या ऑइलला कूलर आहे का ते विचारा. एएमटी (साधा गिअरबॉक्सच, पण क्लच आपोआप चालणारा) किंवा ड्युअल क्लच (दोन क्लचची ऑटोमॅटिक) गाडी घाटातल्या रांगेत इंचाइंचाने चढवताना क्लच तापतो, त्यात मागे टनभर ओझं असतं. आणि कुठलीही गाडी ठरवण्याआधी तिच्या पुस्तिकेतलं ट्रेलरचं पान वाचा. काहींत कमाल वजन दिलेलं असतं, काहींत ट्रेलर जोडू नका असं सरळ लिहिलेलं असतं. तसं लिहिलेलं असेल तर विषय तिथेच संपवा.

हुक उद्यमनगरात बसवून घेतला. ५० मिलिमीटरचा बॉल, चेसिसला हाय-टेन्साइल बोल्टने आवळलेला. कारागीर वेल्डिंग मारून देतो म्हणत होता. मी चेसिसला वेल्डिंग लागू दिलं नाही, कारण उष्णतेने तिथलं लोखंड कमजोर होतं. बंपरला हुक तर कधीच नको. दोन साखळ्या दांड्याखाली फुलीसारख्या आडव्या टाकायच्या, म्हणजे जोडणी सुटली तरी दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. कागदांचं एकच सांगतो: कायद्यातल्या मोटर वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरही येतो, त्यामुळे त्याची नोंदणी वेगळी लागते. विमा कंपनीलाही आधीच लेखी कळवा.

निघालो पहाटे साडेपाचला. निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता घेतला. गगनबावड्याच्या वळणांवर हे लांब जोडकाम न्यायचं मला धाडस नव्हतं. महामार्गावर ६० च्या वर गेलो नाही. चाळिसाचे साठ केले की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, हे डोक्यात पक्कं होतं. आजऱ्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. ओव्हरटेक करताना स्वतःची लांबी विसरू नका. आपण आता जवळजवळ तीस फुटांचे असतो. बाजूच्या आरशांना जोडायचे लांब आरसे घेतले होते, त्यांच्याशिवाय मागचं काहीही दिसलं नसतं.

आंबोली सुमारे ६९० मीटरवर आणि सावंतवाडी जवळजवळ समुद्रसपाटीला. गाडी, ट्रेलर, माणसं मिळून आमचं वजन एकतीसशे किलोच्या आसपास होतं. एवढं ओझं तेवढं खाली आणायचं म्हणजे साठ लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता तयार होते. आंघोळीचा मोठा बंब डोळ्यांसमोर आणा. ही सगळी उष्णता ब्रेकमध्ये गेली तर पेडल मऊ होतं आणि एका क्षणी गाडी थांबतच नाही. म्हणून घाटाच्या माथ्यावरच दुसरा गिअर टाकला, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं, आणि खालपर्यंत बदलला नाही. ब्रेक लावला तो थोडा वेळ, जोरात, आणि मग पूर्ण सोडून.

आमच्या कॅराव्हॅनला ओव्हररन ब्रेक आहेत. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर हुकवर दाबतो, त्या दाबाने दांड्यातली सळई सरकून केबल ओढते आणि ट्रेलरची चाकं आपोआप धरली जातात. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत आणि मी तर त्याहून हलक्यालाही लावीन. या ब्रेकचा एक तोटा आहे. लांब उतारावर ट्रेलर सतत हुकवर रेलतो, म्हणून त्याच्या ब्रेकचे ड्रम सतत घासत राहतात. आम्ही धबधब्याजवळ रुंद जागा बघून पंधरा मिनिटं थांबलो. ड्रमजवळ हात नेला तरी धग लागत होती. पाणी ओतू नका, ड्रम तडकेल. पावसाळ्यात तर या घाटात ट्रेलर आणूच नका, धुकं आणि गर्दीत थांबायला जागा मिळत नाही.

परत येताना चढावर एका वळणात एसटी आडवी आली आणि आम्हाला चढणीवरच थांबावं लागलं. मुलीने उतरून ट्रेलरच्या चाकामागे लाकडी ठोकळा लावला, दाजींनी हँडब्रेकवरून पहिल्यात गाडी उचलली. क्लचचा वास आलाच. थोडं वर गेल्यावर गाडी कडेला घेऊन क्लच निवू दिला. मुलगी ठोकळा उचलून चालत वर आली. हा ठोकळा आणि तो लावणारं माणूस आधीच ठरलेलं असू द्या.

मायलेज बारावरून आठवर आलं, तसा डिझेलचा हिशेब ठेवा. ट्रेलरच्या चाकाची स्टेपनी वेगळी घ्या. नटही तपासत राहा, आमच्या दोन्ही चाकांचे नट निपाणीत थोडे थोडे आवळावे लागले.

घरी पोहोचल्यावर कॅराव्हॅनचे दोन्ही हब हाताने तपासले. डावा कोमट होता, उजव्यावर हात ठेववेना. त्या बाजूची ब्रेकची केबल जास्त ताणलेली निघाली. ती सारखी करून, ड्रम उघडून लायनर बघितल्याशिवाय आंबा घाटाने गणपतीपुळ्याला जायचं नाही, असं दाजींनी सांगून ठेवलंय.