सुईसकट

चतुर्थीला अमेरिकेहून आलेल्या मामेभावाच्या बॅगेत आमच्या घरासाठी दोन वस्तू होत्या. आईच्या गुडघ्यांसाठी मलम, आणि माझ्यासाठी सात डीव्हीडींची एक पेटी. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची ‘कॉसमॉस’, विश्वाची ओळख करून देणारी १९८० सालची मालिका, एकूण १३ भाग. पेटी कुणीतरी वापरलेली, एक कोपरा चेपलेला. पैसे मी भरले होते, पत्ता त्याचा दिला होता. पेटी हातात देताना तो म्हणाला, "हल्ली हे सगळं मोबाईलवर मिळतं ना रे?"

मिळतं. मोबाईलवर लग्नंसुद्धा जुळतात. पण मला ही पेटीच हवी होती, आणि कशासाठी ते त्याला मोदक खाता खाता समजावून सांगणं शक्य नव्हतं.

लहानपणी ही मालिका मी दूरदर्शनवर पाहिली होती, शेजारच्या घरात, ओटीवर दाटीवाटीने बसून. इंग्रजी अर्धंअधिक डोक्यावरून जायचं. समुद्राकाठच्या कड्यावर एक माणूस उभा राहतो आणि हातातलं हलकं, केसाळ बी वाऱ्यावर सोडतो. त्याचं अंतराळयानही त्याच बीच्या आकाराचं. आम्ही त्याला लगेच ‘म्हातारी’ म्हणून टाकलं. परसात वाऱ्यावर तरंगत यायची, आम्ही मागे धावायचो, तीच ही म्हातारी. म्हणजे विश्वात फिरायला जायचं तर म्हातारीत बसून, हे आमच्या वाड्यावर तेव्हाच ठरलं होतं. नेमका रंगात आलेला भाग सुरू झाला की वीज जायची, हेही ठरलेलंच.

पुढे कुणाकडून तरी काही भागांची व्हिडिओ कॅसेट मिळवली. गोव्याच्या पावसाळ्याने तिचं जे व्हायचं तेच केलं. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली. ती तशीच मशीनमध्ये घातली तेव्हा पडद्यावर आधी पाऊस पडला आणि मग काळोख झाला. फोंड्याच्या बाजारातल्या मेकॅनिकने मशीनचं हेड स्पिरिटने पुसून दिलं आणि कॅसेट दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ धरावं तशी, परत दिली.

तर आता डीव्हीडी. बुरशीला ही सहसा दाद देत नाही म्हणतात. फक्त लावायची कशावर? नव्या लॅपटॉपला चकती घालायची फटच नाही. शिवाय डीव्हीडीवाल्यांनी जगाचे वेगवेगळे प्रदेश पाडून ठेवलेत. अमेरिका १ नंबरात, भारत ५ नंबरात, आणि एका प्रदेशाची चकती दुसऱ्या प्रदेशाच्या मशीनवर चालेलच असं नाही. ग्रह-ताऱ्यांच्या मालिकेला पृथ्वीवरच्या हद्दी आडव्या येणार, याचं मला मेलं हसूही येईना. माळ्यावरून जुना प्लेअर काढला. रिमोट नव्हता. असल्या प्लेअरचं प्रदेशाचं कुलूप बरेचदा रिमोटवरचे आकडे ठरावीक क्रमाने दाबून निघतं, म्हणजे किल्लीच हरवलेली. पण चकती घातली, थोडी घरघर झाली आणि चित्र आलं. वांगेलिसचं संगीत ऐकू आलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "परत तोच माणूस?"

परत तोच माणूस. विज्ञान मात्र जुनं झालेलं. प्लूटो अजून नववा ग्रह, त्याची पदावनती व्हायला २००६ उजाडायचंय. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा पक्का पुरावा १९९५चा. इथे सेगन नुसता अंदाज करतात, पण काय तोऱ्यात करतात! काही भागांच्या शेवटी दहा वर्षांनी मोठे झालेले सेगन येऊन दरम्यान काय काय नवं कळलं ते सांगतात. मला हे फार आवडतं. पंचांगाला जोडलेलं शुद्धिपत्र वाचल्यासारखं. शिळं विज्ञान टाकून द्यावं असं म्हणणाऱ्यांनी निदान एकदा असं बघावं, की माणूस आपलंच बोलणं दुरुस्त करायला कॅमेऱ्यासमोर परत येतो.

पण माझी ओढ अकराव्या भागाची होती. त्यात व्हॉयेजर या अंतराळयानावरची, परग्रहावर कुणी असलंच तर त्यांच्यासाठी पृथ्वीवरचे आवाज भरून धाडलेली, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी येते. त्या तबकडीवर काय घालायचं हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष सेगनच. आणि तिच्यावर आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर आहेत. भैरवी, ‘जात कहाँ हो’, जेमतेम साडेतीन मिनिटं. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ही बंदिश सुचवली, पण रेकॉर्ड बाजारातून केव्हाच गेलेली. अ‍ॅन ड्रुयन, ज्या पुढे ‘कॉसमॉस’च्या लेखनातही होत्या, त्या शोधत न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर पोचल्या. तिथे एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला, पत्त्यांच्या टेबलाखालच्या खोक्यात त्यांना तीन प्रती सापडल्या. ही बाई या रेकॉर्डसाठी एवढी का हटून बसलीय, याचं दुकानातल्या लोकांना कोडं पडलं होतं. त्या दुकानदाराला मामेभावाचा चेहरा लावून बघितला, अगदी बरोबर बसला.

व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबर १९७७ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. मध्ये अकरा दिवस.

अकरावा भाग लागला तेव्हा आईला हाक मारली. तिचं माहेर केरीच्याच बाजूचं. तबकडी दिसली. मला चित्र थांबवायचं होतं, पण रिमोटशिवाय थांबवणार कसं? प्लेअरचं बटण दाबलं तर चकतीच बाहेर आली. परत घातली, परत सुरुवातीपासून. दोनदा असं झाल्यावर मी नाद सोडला आणि तोंडानेच सांगितलं. तिच्यावर मराठीतसुद्धा नमस्कार आहे, म्हटलं. मिनिटाला १६ फेऱ्यांहून किंचित जास्त, इतक्या सावकाश ती फिरवायची. कशी वाजवायची त्याची आकृती वेष्टनावर कोरली आहे. आणि वाजवायची सुईसुद्धा सोबतच दिली आहे, म्हणजे ज्यांच्या हाती लागेल त्यांची पंचाईत नको.

आमच्या घरात आरत्या मराठीत, वर्तमानपत्र मराठीत, पण रागवायचं असलं की कोकणी. आईने पदराला हात पुसले.

"तांणी सुयसुद्दां वांगडा धाडली. आनी तुवें रिमोट खंय उडयलो?"