पावलं खुणेवर, भार मात्र सरकला

बेळगावात जुलैमध्ये उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड बराच वेळ एकसारखा राहतो, म्हणून चित्रकलेच्या वर्गात उभ्या आकृतीचा अभ्यास मी पावसाळ्यात लावतो. त्या दिवशी मॉडेल होते वडगावचे एक विणकर काका, साठी ओलांडलेले. वीस मिनिटं उभं राहायचं, पाच मिनिटं विश्रांती. पावलांभोवती खडूची रेघ. मुलं सोळा फुटांवर, म्हणजे उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर. त्याहून जवळ गेलं की डोकं समोरून दिसतं, पावलं वरून दिसतात, आणि चित्रात पाय आखूड येतात.

तिसऱ्या फेरीत चित्रं बिघडायला लागली. खांदे एका माणसाचे, कंबर दुसऱ्याची. पावलं खडूच्या खुणेत चोख होती. ओळंबा, म्हणजे टोकाला वजन बांधलेला दोरा, धरला तेव्हा उलगडा झाला. गळ्याच्या खळगीतून सोडलेला दोरा सुरुवातीला उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला येत होता, आता तो दोन्ही पावलांच्या मधोमध. भार एका पायावर असला की त्या बाजूचा खुबा वर चढतो आणि खांदा खाली येतो. भार दोन्हीकडे वाटला की दोन्ही रेषा आडव्या होतात. पावलं तसूभरही न हलवता हे घडतं, त्यामुळे खडू ते पकडू शकत नाही.

"पाय भरून आला बघा सर," काका म्हणाले.

जिवंत शरीर हलणारच. त्याचं काय करायचं, यावर अलीकडच्या चित्रकारांच्या वाटा वेगळ्या होतात. ब्रिटिश चित्रकार युअन अग्लोनं मोजमापाच्या बारीक खुणा चित्रात तशाच राहू दिल्या. ब्रिटनचाच ल्युसियन फ्रॉइड माणसाला समोर बसवूनच रंगवायचा. चित्रकार डेव्हिड हॉकनी त्याच्यापुढे शंभराहून जास्त तास बसला होता. इतक्या वेळात बसण्यातला आव गळून पडतो, कातडी आणि मांस आपल्या वजनानं सैलावतात, आणि फ्रॉइडच्या राठ ब्रशाला तेच हवं असायचं. मला सर्वांत जवळचे वाटतात ते सुधीर पटवर्धन. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता त्यांनी कामगार आणि रस्त्यावरची माणसं रंगवली. त्यांच्या आकृतींत श्रम अंगात मुरलेले दिसतात.

म्हणून काकांना विचारलं, मागावर ताणा तुटला की कसे उभे राहता? ते लगेच टेबलाच्या कडेवर डावा तळवा टेकून पुढे झुकले, उजवा हात धागा जोडायला पुढे. टेबल बुटकं पडत होतं, त्याच्या पायांखाली विटा घातल्या. या पोझमध्ये ते पंचवीस मिनिटं सहज थांबले.

आता ओळंबा पायाच्या बोटांच्याही पुढे पडत होता, आणि निम्म्या चित्रांत काका तोंडावर पडताहेत असं वाटत होतं. कारण तळव्यावर भार दाखवलेला नव्हता. टेकलेल्या हाताचं मनगट मागे मोडतं, कोपर जवळजवळ ताठ होतं, डावा खांदा कानाकडे चढतो आणि खांद्याचं पातं पाठीतून वर येतं. एका मुलीनं फक्त मनगट आणि पातं दुरुस्त केलं, आणि अख्खी आकृती टेबलावर रेलली.

रंगात मात्र नेहमीचीच अडचण. सावळ्या कातडीच्या सावलीत पांढरा मिसळला की ती राखेसारखी दिसते. सावली बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) या रंगांतच ठेवायची. पांढरा लागतो तो कपाळ आणि खांद्यावरच्या चमकेला, आणि ढगाळ उजेडात ती चमक निळसर असते.