नागपूरचा असून दोन दोऱ्यांचा पतंग शिकायला दोन वर्षं का लागली

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो. "लहानपणापासून गच्चीवर पतंग उडवलास ना, मग याला दोन वर्षं कशी काय लागली?" आणि पाठोपाठ, "काटाकाटीच नाही तर मजा काय?" आणि हो, हे नवीन फॅड नाहीये, इंग्लंडात पीटर पॉवेलने 1972 साली असा पतंग काढला, माझ्या जन्माच्याही आधी.

लागली ती गच्चीमुळेच लागली. आपल्या पतंगाला ढील दिली की तो फिरतो, तोंड हवं तिकडे आलं की खेचायचं, सुटतो सरळ. माझ्या हातात तीस वर्षं हेच. या दोन दोऱ्यांच्या पतंगात डावी दोरी ओढली की डावीकडे वळतो, उजवी ओढली की उजवीकडे, आणि दोन्ही सारख्या खेचल्या की आहे त्याच दिशेने अजून जोरात जातो. डोक्याला हे पाच मिनिटांत कळतं हो, पण हाताला नाही कळत.

दुसऱ्या हिवाळ्यात अलिबागजवळच्या अक्षीच्या किनाऱ्यावर, ओहोटी, दुपारचे चार. खारं वारं समुद्राकडून येतं म्हणजे माझी पाठ पाण्याकडे आणि पतंग सुरूच्या झाडांकडे, जिथे लोक बसलेले असतात. तेव्हा वाटलं किनारा एवढा रुंद आहे, काय होतंय. मी पतंग वरून खाली सोडला होता, जमिनीजवळ आडवा काढायचा म्हणून, आणि तेवढ्यात एक चिमुरडी चेंडूमागे धावत आली. मला दिसली ती. दोन पावलं पुढे पळून हात पुढे टाकले असते तर पतंगातला जोर गेला असता, नाहीतर हँडलच सोडून द्यायचे. मी दोन्ही हात छातीशी खेचले. खेच, तीस वर्षांची खेच. पतंग तिच्यापासून दोन हातांवर नाकावर वाळूत घुसला, कार्बनची काडी मोडल्याचा आवाज मला पंचवीस मीटरवर ऐकू आला. पोरगी आधी नुसती उभी राहिली, मग रडली. तिची आजी आली, हातपाय चाचपले, म्हणाली, "दादा, इथे पोरं खेळतात."

आणि मी काय म्हणालो? "काकू, याला मांजा नाही, काच नाही." खरंच नाही. पण डायनिमाची, म्हणजे या पतंगाची बारीक आणि फार मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी ताणलेली असली की कातडी कापते हे मला माहीत होतं, तरी तेच बोललो. माफी नंतर मागितली, तोवर त्या वळल्या होत्या.

त्या दोन वर्षांतले आठ महिने पतंग माळ्यावर होता, हेही धरा. आता पहाटे जातो, मतलई वारं जमिनीकडून येतं, पाठ झाडांकडे आणि पतंग पाण्यावर. वारं इतकं कमी की मागे मागे चालत उडवावा लागतो. प्रत्येक वेळी आधी दहादा फक्त हात पुढे टाकायची प्रॅक्टिस करतो, बाकी सगळं नंतर. मजा? आहे, दोरीतून वारा दोन्ही हातांना वेगवेगळा कळतो, ती मला काटाकाटीत कधी मिळाली नाही. पण तेव्हाचा मी म्हणतो, अरे आपल्याला पतंग येतो, आणि तो अगदीच चुकीचा आहे असंही म्हणवत नाही, कारण वाऱ्याचा अंदाज त्याच गच्चीवर आला.

भाचा नऊ वर्षांचा आहे. "मामा, आधी साधा शिकव, मग हा." मी अजून हो म्हटलेलं नाही.